दार सर्वांना, किल्ली नाही

गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा भोगून आलेल्या माणसाला चर्चमध्ये उपासनेला येऊ द्यावं का? हा प्रश्न आपल्या मासिकात कशाला, असं काहींना वाटेल. इथे निम्म्यांना सबमिशनची चिंता आणि उरलेल्यांना प्लेसमेंटची! पण प्रश्न वाटतो तितका परका नाही. चर्चच्या जागी देऊळ घाला, हाउसिंग सोसायटी घाला, नाहीतर आपलं होस्टेल घाला, प्रश्न तोच राहतो. ज्याच्या हातून एकदा गंभीर गुन्हा घडला, त्याला आपल्यात घ्यायचं का, आणि घ्यायचं तर किती? मी चर्च निवडलं, कारण क्षमेची भाषा तिथे रोजची आहे. मी ख्रिस्ती नाही, पण बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे मॉरल सायन्सच्या तासाला 'क्षमा' हा शब्द इतक्या वेळा ऐकला की पुढे तो कानावरून जायला लागला. तो शब्द प्रत्यक्षात वापरायची वेळ आली की काय काय अडचणी येतात, ते मात्र त्या तासाला कुणी सांगितलं नाही.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरं आहेत. पहिलं, 'देवाचं घर आहे, तिथे कुणालाही अडवणारे आपण कोण?' दुसरं, 'तिथे आमची पोरंबाळं येतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' गंमत अशी की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणूनच वाद रात्री दोनपर्यंत चालतो आणि शेवटी सगळे मॅगी करायला उठतात. माझ्या मते गाडी अडते ती एकाच ठिकाणी. 'आत येऊ देणं' आणि 'विश्वास टाकणं' या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो.

आधी आपण कुणाबद्दल बोलतोय ते नक्की करू. 'जेलमध्ये जाऊन आला' एवढ्यावर आपल्याकडे माणसाचा निकाल लागतो. पण सरकारी आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता, गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. तेव्हा तुरुंग पाहिलेला प्रत्येक जण गुन्हेगार असतोच असं नाही. अशा माणसाबद्दल तर प्रश्नच नको. प्रश्न आहे तो कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाचा.

त्याच्याबाबतीत चर्चकडे 'नाही' म्हणायला धर्माचा आधार आहे का? मला तरी दिसत नाही. ज्याच्या नावाने चर्च उभं आहे, त्यालाच रोमन गव्हर्नरने शिक्षा ठोठावून सुळावर चढवलं होतं. त्याच्या दोन बाजूंना दोन गुन्हेगार होते, आणि लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे स्वर्गाचं वचन मिळालं ते त्यातल्याच एकाला. पौल हा सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात टाकणारा माणूस. पुढे त्याच्याच पत्रांनी नव्या कराराचा मोठा भाग भरला. तुरुंगातल्या माणसाला भेटणं म्हणजे ख्रिस्तालाच भेटणं, अशी मत्तयची शिकवण आहे. हे सगळं वेदीवरून वाचायचं आणि दारात माणसाचं रेकॉर्ड तपासायचं, हे जमणार नाही.

पण इथेच थांबलं तर लेख फारच गोड होईल. आणि जुन्या काळचं चर्चसुद्धा इथे थांबलेलं नव्हतं.

चौथ्या शतकात कॅपाडोशियातल्या कैसरिया गावी (आजच्या तुर्कस्तानात) बेसिल नावाचे बिशप होऊन गेले. कोणत्या पापाला किती आणि कसलं प्रायश्चित्त, याचे नियम त्यांनी पत्रांतून लिहून ठेवले. जाणूनबुजून खून करणाऱ्याला त्यांनी २० वर्षांचं प्रायश्चित्त सांगितलं, आणि त्याचे चार टप्पे पाडले. पहिली ४ वर्षं चर्चच्या दाराबाहेर उभं राहायचं, आत जाणाऱ्यांना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणून रडून विनवायचं. पुढची ५ वर्षं आत येऊन वाचन आणि प्रवचन ऐकायचं आणि बाहेर पडायचं. त्यानंतर ७ वर्षं गुडघे टेकून प्रार्थनेत भाग घ्यायचा. शेवटची ४ वर्षं सगळ्यांबरोबर उभं राहायचं, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. चार, पाच, सात आणि चार, झाले वीस. मग तो सर्वांसारखा.

आजच्या नजरेने हे भयंकर कडक वाटतं. कुणाला पावसात दाराबाहेर उभं करा, असं मी म्हणणारही नाही. पण या व्यवस्थेचं ड्रॉइंग नीट बघा. खुनी माणसाला 'चालता हो' असं कुणी म्हटलेलं नाही. पहिल्या दिवसापासून तो चर्चचाच आहे, फक्त दाराच्या बाहेरच्या अंगाला. आणि त्याला सरळ पुढच्या बाकावरही बसवलेलं नाही. परत येण्याची वाट आहे, ती लांब आहे, तिला पायऱ्या आहेत आणि शेवटही आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सगळं उघड आहे. दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की हा कोण आणि इथे का उभा आहे. पुढच्या काळात हे जाहीर प्रायश्चित्त मागे पडलं आणि धर्मगुरूच्या कानात सांगायचं खासगी पापनिवेदन आलं. त्यामुळे माणसाची अब्रू वाचली, हे चांगलंच झालं. पण 'सगळ्यांना माहीत आहे' हा भागही त्याबरोबर गेला. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. त्यावर नंतर येतेच.

आता आपल्या शेजारच्या राज्यातलं उदाहरण. मध्य प्रदेशात उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया नावाच्या केरळच्या नन आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. मजूर हिशेब मागायला लागले, बचत करायला लागले, आणि सावकार-जमीनदारांचं गणित बिघडलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंह नावाच्या तरुणाने सुरीचे वार करून त्यांना ठार मारलं. त्या ४१ वर्षांच्या होत्या. बस माणसांनी भरलेली होती. समुंदर सिंहला जन्मठेप झाली. तुरुंगात स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले. २००२ साली राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या खुन्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच पुढाकार घेतला. २००६ साली तो सुटला. केरळात जाऊन त्यांच्या आईला भेटला, आणि उदयनगरला त्यांच्या समाधीवर जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला, तेव्हा तोही तिथे हजर होता.

ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे भरून येतात, आणि लगेच 'बघा, असं मोठं मन पाहिजे' असं म्हटलं जातं. मला त्यात वेगळंच दिसतं. क्षमा कुणी केली? जिची बहीण गेली, तिने. बिशपांनी पत्रक काढून परस्पर केली नाही. कधी केली? सात वर्षांनी. शिक्षा रद्द झाली का? नाही, अकरा वर्षं तुरुंगात काढल्यावर सुटका झाली. आणि सगळं उघड, पेपरात छापून येण्याइतकं उघड. म्हणजे चर्च दार उघडू शकतं, पण पीडिताच्या वतीने क्षमेवर सही करू शकत नाही. ती सही पीडिताचीच लागते, आणि त्याने ती केली नाही तर त्याला 'तू कसला ख्रिस्ती' म्हणून ऐकवायचा अधिकार कुणालाही नाही.

यातून माझा पहिला नियम निघतो. ज्या चर्चमध्ये पीडित माणूस किंवा त्याचं कुटुंब उपासनेला येतं, तिथल्या बाकावर पहिला हक्क त्यांचा. गुन्हेगाराचं स्वागत करायचं तर ते दुसऱ्या वेळेच्या मिस्साला करा, नाहीतर दुसऱ्या चर्चमध्ये करा. त्याच्या येण्यामुळे त्यांना घरी बसावं लागलं, तर तुम्ही एकाला आत घेतलं नाही, दुसऱ्याला बाहेर काढलंत.

पण सगळे गुन्हे काही एका घटनेत संपत नाहीत. खरी कसोटी लागते ती लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याच्या बाबतीत, कारण तिथे 'पुन्हा करेल' ही भीती असते आणि चर्चमध्ये मुलं असतातच. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ साली हेच घडलं. असे गुन्हे वारंवार केलेला एक माणूस शिक्षेची पूर्ण मुदत संपवून सुटणार होता. पूर्ण मुदत संपल्यामुळे त्याच्यावर पॅरोलची देखरेखही राहणार नव्हती. तुरुंगातल्या मानसतज्ज्ञाने हॅरी नाय या मेनोनाइट पाळकांना फोन केला, कारण त्यांची त्याच्याशी जुनी ओळख होती. शहरात संताप होता, पोलिसांची नजर होती. नाय यांनी आपल्या छोट्या मंडळीतली मोजकी माणसं गोळा केली. ही माणसं त्याच्या संपर्कात राहू लागली, खोली शोधणं, किराणा, दवाखाना यात मदत करू लागली, आणि त्याचबरोबर 'आज कुठे होतास, कुणाबरोबर होतास' हेही तोंडावर विचारू लागली. त्याने पुढे मरेपर्यंत तसला गुन्हा केला नाही. त्यातूनच 'सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटॅबिलिटी' ही पद्धत उभी राहिली. मध्ये सुटून आलेला माणूस आणि भोवती साधारण चार ते सात स्वयंसेवकांचं कडं. ब्रिटनमध्ये २००२ पासून क्वेकर लोकांनी ती नेली. उद्देश साधा सरळ आहे, यापुढे एकही पीडित नको.

ही कल्पना भाबडी नाही, उलट फार व्यवहारी आहे. असा माणूस हाकलल्याने नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या गल्लीत जातो, तिथे त्याला कुणी ओळखत नाही, आणि तिथेही मुलं असतातच. कुणी ओळखत नसलेल्या गल्लीपेक्षा सगळे ओळखत असलेल्या चर्चमध्ये तो बसलेला बरा, असं मला वाटतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने अशा लोकांना मुलांसाठीच्या जागांपासून ३०० फूट दूर राहण्याचा कायदा केला, आणि २००९ साली एका माणसाला चर्चला गेल्याबद्दल अटक झाली, कारण चर्चच्या इमारतीत पाळणाघर होतं. कायदा करणाऱ्यांची भीती मला समजते. पण फुटपट्टीने अंतर मोजून सुरक्षितता येत नाही. नजर ठेवणारी माणसं लागतात.

आणि आता ती किंमत. 'चर्च गुन्हेगारांना थारा देतं' असा आरोप करणारे बहुतेक वेळा बॉस्टनचं नाव घेतात, आणि घ्यायलाच हवं. 'बॉस्टन ग्लोब' या वर्तमानपत्राने जानेवारी २००२ पासून छापलेल्या लेखांनी दाखवून दिलं की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात नुसतं बदलीवर पाठवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्डिनल लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. यावरचा 'स्पॉटलाइट' हा सिनेमा आपल्या होस्टेलच्या लॅपटॉपवर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनी राजीनामा जाहीर केला, तोही अशाच एका जुन्या प्रकरणात वेळेवर पुरेसं न केल्याबद्दल.

पण बॉस्टनमध्ये नेमकं चुकलं काय? पापी माणसाला चर्चमध्ये बसू दिलं, हे चुकलं का? नाही. त्याला वेदी दिली, मुलांचे वर्ग दिले, पदाचा झगा दिला, आणि नव्या गावाला काहीही सांगितलं नाही. म्हणजे दारापेक्षा किल्ली आधी दिली, आणि तीही गुपचूप. बेसिलच्या व्यवस्थेच्या अगदी उलट. एखादा साधा मजूर चोरीची शिक्षा भोगून आला तर त्याच्याकडे पाहून लोक बाक बदलतात. झगेवाल्याला मात्र 'क्षमा' या नावाखाली नुसती बदली मिळते. क्षमा आणि लपवाछपवी एकाच पाकिटात विकली गेली, आणि म्हणून आज क्षमा या शब्दावरच लोकांचा विश्वास उरलेला नाही. याचा राग मला कुणा नास्तिकापेक्षा कमी नाही.

आपल्या वर्कशॉपचंच बघा ना. फर्स्ट इयरच्या पोराला वर्कशॉपमध्ये प्रवेश असतो, म्हणून पॅनल बोर्डची किल्ली कुणी त्याच्या हातात देत नाही. त्यात त्याचा अपमान नसतो. तसंच इथे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला उपासनेचं दार उघडं हवं. पण संडे स्कूल, दानपेटी, शाळा, होस्टेल, मुलांची सहल, यांच्या किल्ल्या वेगळ्या. पैशाची अफरातफर केलेल्याला दानपेटी नको, मुलांवर अत्याचार केलेल्याला मुलांचं काम कधीच नको. 'कधीच' हा शब्द मी मुद्दाम वापरते. हिशेबाची किल्ली दहा वर्षांनी देता येईल कदाचित, ही नाही. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये अशा माणसाशी लेखी करार करायची पद्धत आहे. कोणत्या उपासनेला यायचं, कुठे बसायचं, बरोबर कोण असेल, कुठल्या खोलीत जायचं नाही, सगळं कागदावर. आपल्याकडेही हे करायला काय हरकत आहे?

आपल्याकडची एक अडचण मात्र लक्षात घ्यायला हवी. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद भारतात २०१८ साली सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे, सामान्य माणसाला ती बघता येत नाही. म्हणजे चर्चला आपोआप काही कळणार नाही. मग त्या माणसानेच सांगायचं. आणि इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. त्याने ते पापनिवेदनात सांगून भागत नाही. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही सांगता येत नाही, तो चर्चचा अतिकडक नियम आहे. म्हणून हे बोलणं पापनिवेदनाच्या बाहेर, ऑफिसात, धर्मगुरू आणि धर्मग्रामाच्या दोन-तीन जबाबदार माणसांसमोर व्हायला हवं. सगळ्या गावाला दवंडी नको, पण एकट्या फादरच्या पोटातही नको. आणि नवीन गुन्हा कळला तर 'आपसात मिटवू' हा मार्गच नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन तो घालतो.

कुणी म्हणेल, इतक्या अटी घातल्यावर ते स्वागत कसलं? तर कुणी म्हणेल, वाल्याचा वाल्मिकी झालाच की, त्याच्याशी कुणी करार केला होता? खरं आहे, पण वाल्यासुद्धा वारूळ अंगावर चढेपर्यंत एका जागी बसला, अशीच गोष्ट आपण ऐकतो. वेळ लागतोच. आणि हा विचार परदेशी आहे असंही नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली, आणि त्याच प्रयोगावरून शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. त्यातला जेलर कैद्यांना मोकळं सोडतो, पण त्यांच्यावरची नजर काढत नाही. सिनेमाच्या नावातच ते डोळे आहेत! ज्याच्यावर नजर आहे त्यालाच खरा आधार आहे, हे आपल्या आजीपासून रेक्टर सरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

अटी मान्य नसतील तर? मग त्याला माझा एकच प्रश्न असेल. तू देवाला भेटायला आलास, की मुलांच्या खोलीची किल्ली मागायला? प्रार्थनेसाठी मागचा बाक पुरतो. ज्याला खरोखर पश्चात्ताप झालाय, त्याला मर्यादा जाचत नाहीत, उलट त्या त्यालाही सांभाळतात. उद्या कुणी खोटा आळ घेतला तर 'हा आमच्याबरोबर होता' असं सांगणारी माणसं त्याच्यापाशी असतील.

एक गोष्ट चर्चसाठीच. हे नियम फक्त शिक्का बसलेल्या माणसापुरते ठेवू नका. मुलांचा वर्ग एकट्या मोठ्या माणसाच्या हवाली नको, मग तो कितीही सज्जन असो, झगा घातलेला असो वा नसो. शिक्षा झालेला माणूस निदान माहीत तरी असतो. ज्याचा गुन्हा अजून उघड झालेला नाही, तो पहिल्या बाकावर बसून मोठ्याने भजन म्हणत असू शकतो.

आपल्यापैकी कुणी बिशप होणार नाही. पण दहा-पंधरा वर्षांत कुणी कंपनीत माणसं निवडायला बसेल, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होईल, कुणी देवस्थानाचा नाहीतर शाळेचा ट्रस्टी होईल. तेव्हा टेबलावर एक अर्ज येईल, आणि त्यात मागे कधीतरी झालेल्या शिक्षेची एक ओळ असेल. अर्ज फेकणं सोपं. 'जाऊ दे, झालं ते झालं' म्हणून ती ओळ न वाचणं त्याहून सोपं. ती ओळ पूर्ण वाचून, 'या, बसा, पण हे काम तुम्हाला देता येणार नाही, दुसरं बघू' असं त्याच्या डोळ्यांत बघून सांगणं अवघड आहे. चर्चने तेच करावं, आणि आपणही.